इन्स्टॉल झाल्यानंतरचं काम

हिंगणघाटच्या दीपमाला भोयरला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी, अनंतरावांनी, गल्लीत सगळ्यांना सांगितलं की पोरगी सॉफ्टवेअरमध्ये गेली. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

हडपसरच्या त्या आयटी कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं वरच्या मजल्यांवर बसत. दीपमाला बसायची तळमजल्यावर, मालाच्या लिफ्टला लागून असलेल्या एका लांबट खोलीत. तिला सगळे ‘बिल्ड रूम’ म्हणत. वेगवेगळ्या गावांतल्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या शाखांना लागणारे नवे संगणक इथे तयार होऊन बाहेर पडत. खोक्यातून काढायचे, टेबलांवर ओळीने मांडायचे, केबल जोडायची, बटण दाबायचं. मग सर्व्हरवरून विंडोज आपोआप उतरायचं, त्यामागून बाकीचं सॉफ्टवेअर. तोपर्यंत माणसाचं काही काम नसे. माणूस लागायचा तो त्यानंतर. कारण इन्स्टॉल झालेले सगळे संगणक अगदी एकसारखे असत. आपलं नाव काय, आपल्याला वर्ध्याच्या शाखेत जायचंय की साताऱ्याच्या, प्रिंटर कुठला, मराठी टाइप कसं करायचं, यातलं काहीच त्यांना ठाऊक नसे. त्यासाठी छोट्या छोट्या स्क्रिप्ट होत्या, म्हणजे एकामागून एक आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइली. एक चालवायची, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची वाट पाहायची, मग दुसरी चालवायची. मध्येच एखादी अडकली तर का अडकली ते शोधायचं आणि तिथून पुढे ढकलायची. सकाळी आल्यापासून घरी जाईपर्यंत हेच.

“तीन महिने बिल्ड रूम, मग वर,” असं तिला घेताना सांगितलं होतं. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. पाच वर्षं नोकरी सोडायची नाही असा बाँड होता, आणि डिप्लोमाची मूळ प्रमाणपत्रं एचआरच्या कपाटात होती. तेव्हा बऱ्याच कंपन्या तसं करत, म्हणून सही करताना तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

खोलीत तिच्याबरोबर दोघे होते. सुखदेव वाशिमचा, अबोल, जेवणाचा डबा उघडला की तेवढा बोलणारा. आणि श्याम पोकळे धायरीचा. श्यामच्या घरची शेती होती, त्यातली निम्मी बिल्डरकडे गेली होती, आणि उरलेल्या निम्म्यात आता पीक काय घ्यायचं हे घरात कुणालाच कळत नव्हतं, म्हणून तो नोकरीला लागला होता. हे दोघे कंत्राटदारामार्फत आलेले. दीपमाला तेवढी कंपनीची.

श्यामचं तोंड अखंड चालू. एखादा संगणक अडकला की तो त्याच्यासमोर हात जोडून उभा राहायचा. “महाराज, आपली काय अपेक्षा आहे ते एकदा स्पष्ट सांगा.” दीपमाला हसायची. तिचं पुण्यातलं हसणं बहुतेक त्या खोलीतलंच होतं.

पण हसून झालं की समोर तेच टेबल असायचं. वरच्या मजल्यावर निवडीची सूचना लागली की ती अर्ज करायची. अर्ज तिच्या मॅनेजरकडून, दिग्विजय सरांकडून, पुढे जावा लागे. तो कधी गेलाच नाही. दिग्विजय सर ओरडणारे नव्हते. उलट फार गोड बोलत, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे.

एकदा ती त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभीच राहिली.

“सर, मला वर जायचंय. प्रोग्रॅमिंगला.”

“जायलाच हवं तुम्ही,” ते म्हणाले. “पण तुम्ही गेलात तर खाली कोण? श्यामला घाई असते, सुखदेवला भीती वाटते. तुमच्या हातून एक मशीन परत येत नाही. असं करा, तुमच्या जागी बसायला कुणीतरी दाखवा. दुसऱ्या दिवशी सोडतो.”

माणूस ती कुठून आणणार होती? पण जिना उतरताना तिच्या डोक्यात दुसरंच आलं. जागेवर माणूसच कशाला बसायला हवा? स्क्रिप्टच अशी लिहायची की तीच बाकीच्या स्क्रिप्ट एकेक करून चालवेल, अडकलीच तर स्वतः पुन्हा प्रयत्न करेल, आणि सगळं झालं की सांगेल. मग बटण दाबायला कुणीही चालेल.

पुढचे काही महिने ती जेवणाच्या सुट्टीत आणि शनिवारी येऊन हेच करत राहिली. आपण काय करतोय हे तिने लपवलं नाही. श्यामला तर त्यात तिच्यापेक्षा जास्त रस. मोठी अडचण होती ती रीस्टार्टची. संगणक बंद होऊन उठला की आपण कुठपर्यंत आलो होतो हे स्क्रिप्टला आठवत नसे आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दीपमालाने त्यावर बरंच डोकं लढवलं.

“अगं, आमचे आजोबा पाणी धरताना कुठवर आलं ते कळायला वाफ्यावर दगड ठेवायचे,” श्याम एक दिवस तोंडात घास असतानाच म्हणाला. “तसं कर. एकेक काम झालं की डिस्कवर एक रिकामी फाइल ठेवून दे. उठल्यावर आधी ती बघायची. फाइल आहे? मग पुढचं काम.”

ती जेवण तसंच टाकून उठली. त्या दिवशी पहिल्यांदा एक संगणक कुणीही हात न लावता सुरुवातीपासून शेवटपर्यंत तयार झाला. सुखदेवने टाळी वाजवली.

“तू वर गेलीस की तुझी ती कोपऱ्यातली खुर्ची माझी,” श्याम म्हणाला. “एसी थेट मानेवर येत नाही तिथे. आत्ताच बुक करून ठेवतो.”

दिग्विजय सरांना दाखवायच्या दिवशी तिने टेबलं भरून संगणक मांडले, सगळे सुरू केले आणि हात मागे बांधून उभी राहिली. पडदे निळे झाले, काळे झाले, पुन्हा उजळले. एकेका संगणकाने आपलं नाव घेतलं, आपली शाखा घेतली, प्रिंटर ओळखला. दुपारपर्यंत सगळ्या पडद्यांवर हिरव्या चौकटी आल्या. सरांनी वरून आणखी दोघा साहेबांना बोलावून घेतलं. कुणीतरी फोटो काढला.

साहेब गेल्यावर दीपमाला म्हणाली, “सर, तुम्ही माणूस दाखवा म्हणाला होतात. हा दाखवला. आता सोडा मला.”

सर मनापासून हसले. “अहो दीपमाला, आता तर तुम्हाला सोडणं शक्यच नाही. हे तुम्ही लिहिलंय. उद्या काही बिघडलं तर दुसऱ्या कुणाला कळणार? आणि एक सांगू, वर डिग्री लागते. डिप्लोमावर घेत नाहीत. मी तुमची उमेद मोडायला नको म्हणून बोललो नव्हतो.”

महिना संपताना कंत्राटदाराचा माणूस आला आणि त्याने श्याम आणि सुखदेवला सांगितलं की पहिल्या तारखेपासून यायची गरज नाही. दीपमाला तेव्हा खोलीतच होती. आपल्याला आधी अर्थच लागला नाही, असं तिने पुढे कुणाला तरी सांगितलं. दुसरीकडे पाठवत असतील, असं तिला वाटलं. सुखदेव डबा पिशवीत भरून, “बरं, येतो ताई,” म्हणून गेला. श्यामने आपल्या खणातलं सामान काढलं आणि दारात थांबला.

“अभिनंदन,” तो म्हणाला. “खुर्ची बुक केली होती, ती रद्द करा.”

तोवर तो तिला कधी ‘करा’ म्हणाला नव्हता.

त्यानंतर त्या खोलीत ती एकटी. सकाळी एक मदतनीस खोकी उघडून, संगणक मांडून जायचा. ती बटणं दाबायची. पंख्यांचा एकसुरी घूं आवाज सुरू व्हायचा, आणि मग तिला करण्यासारखं काहीच नसायचं. पण उठूनही जाता येत नसे, कारण न जाणो कुठे काही अडकलं तर. तिनेच लिहिलेलं सगळं व्यवस्थित चालत होतं, आणि ते व्यवस्थित चालतंय हे पाहत बसणं हीच आता तिची नोकरी होती. डबा ती टेबलाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून खायची. कॅन्टीनमध्ये गेलं की कुणीतरी हमखास विचारायचं, “त्या ऑटोमेशनवाल्या तुम्हीच ना?”

रविवारी वडिलांचा फोन यायचा.

“काहून वो माय, आवाज असा काहून तुया? काम लय हाय का?”

“काम नाही हाय बाबा. बसून राहतो नुसती.”

“बसून पगार भेटून राहिला, त वाईट काय हाय त्याच्यात?”

घरच्यांनी चार जणांत मान वर करून सांगितलेली नोकरी होती ती.

दिवाळी होऊन गेल्यावर ती एका रविवारी धायरीला गेली. स्वारगेटला बस बदलली, धायरी फाट्यापासून चालत पोकळ्यांचं घर विचारत गेली. नव्या इमारतींच्या मधोमध एक बैठं घर आणि मागे थोडी मोकळी जमीन. ओट्यावर श्यामची आई, मुक्ताबाई, लसूण सोलत बसल्या होत्या.

“श्यामच्या ऑफिसात होते मी,” दीपमाला म्हणाली.

“मग बाहेर का हुबी? आत ये की. त्यो गेलाय कॉलेजात, कम्प्युटर दुरुस्तीला. यीलच आत्ता. च्या टाकते.” चहा देताना त्यांनी तिला निरखून पाहिलं. “लई वाळलीस गं. तुला बी काढलं का काय कामावरनं?”

“नाही. मला ठेवलंय.”

“मग चांगलं हाय की,” मुक्ताबाई म्हणाल्या आणि खरोखरच्या आनंदाने त्यांनी तिच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. दीपमालाने ती बशीत तशीच राहू दिली.

श्याम आला. तिला पाहून दचकला नाही. मोटरसायकल लावून, हातपाय धुऊन समोर बसला.

“मला माहीत नव्हतं रे असं होईल,” ती म्हणाली.

“तुला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे,” तो म्हणाला. “तीच तर पंचाईत आहे. राग काढायला जागाच ठेवली नाहीस. आणि ती रिकाम्या फाइलची आयडिया तर माझीच.” मग थोड्या वेळाने, “तू अजून खालीच?”

तिने सगळं सांगितलं. वर डिग्री लागते. नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठी शहरात एका कॉलेजात संध्याकाळचा पदवीचा वर्ग आहे, तिथे प्रवेश मिळू शकतो, पण पडताळणीला मूळ प्रमाणपत्रं लागतात आणि ती कंपनी देत नाही. एचआरच्या सत्यशीला मॅडमना तिने दोनदा विचारलं. “बाँड संपेपर्यंत आमच्याकडे सुरक्षित आहेत,” एवढंच उत्तर.

श्यामने ऐकून घेतलं. “देत नाहीत ना? नका देऊ म्हणावं. फक्त तसं लिहून द्या म्हणावं. कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी, की हिची ओरिजिनल आमच्याकडे आहेत आणि आम्ही ती देणार नाही. कॉलेजला दाखवायला पाहिजे, म्हण.”

“त्याने काय होईल?”

“पुण्यात कुणाला काही लिहून द्यायला सांगून बघ एकदा. तोंडी सगळे शूर असतात.”

सोमवारी तिने तसंच केलं. सत्यशीला मॅडम पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी तिचा दोन ओळींचा अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

“हे तुम्हाला कुणी सुचवलं?”

“कॉलेजला लागतं मॅडम.”

“असं पत्र आपल्याकडून जात नाही.”

“मग तेच लिहून द्या, की पत्र देता येत नाही.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “उद्या या.” दुसऱ्या दिवशी एका खाकी पाकिटात तिची सगळी प्रमाणपत्रं होती. मिळाल्याची सही तिच्याकडून घेतली. ती दारापर्यंत गेल्यावर मॅडम मागून म्हणाल्या, “माझ्या मुलीचीसुद्धा अशीच ठेवून घेतलीत हो तिच्या कंपनीने. जा. नीट शिका.”

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. वर्ग सहाला सुरू व्हायचा. हडपसरहून स्वारगेट, तिथून पुढे दुसरी बस. म्हणजे साडेचारला निघणं भाग. त्यासाठी ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊ लागली. दिवसभर संगणक आपले आपण तयार होत आणि ती टेबलाच्या टोकाशी बसून गणिताचं पुस्तक वाचत असे. पण चार वाजले की दिग्विजय सर हमखास खाली यायचे. एवढी एक बॅच लावून जा. एवढी एक तक्रार बघून जा. ‘नाही’ कधी नसायचं त्यांच्या बोलण्यात, ‘नंतर’ असायचं. किती वेळा ती धावतपळत वर्गात शिरली तेव्हा फळा पुसून चालला होता. एक विषय तिचा त्यातच राहिला. रविवारी हडपसरच्या भाड्याच्या खोलीत पडून राहिली की तिला वाटायचं, आपण वर जायचा जिना चढतोय आणि कुणीतरी खालून एकेक पायरी वाढवत चाललंय. हिंगणघाटला परत जावं, असंही मनात यायचं. पण परत जाऊन सांगायचं काय?

दुसऱ्या वर्षीची परीक्षा आली. राहिलेल्या विषयाचा पेपर होता, संध्याकाळी सहाला. त्याच दिवशी एका बँकेला माल जायचा होता, आणि नेमके नव्या बनावटीचे संगणक आले होते. विंडोज नीट उतरलं, पण पुढची स्क्रिप्ट दुसऱ्याच पायरीवर थांबली. सगळ्या पडद्यांवर लाल चौकटी. दीपमालाने कारण शोधलं. नेटवर्क कार्ड वेगळं होतं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, घालून पुन्हा पहिल्यापासून चाचणी करावी लागणार होती. ते त्या संध्याकाळी होण्यासारखं नव्हतं.

दिग्विजय सर दारात उभे होते. “हे संपवून जा.”

“सर, माझा पेपर आहे.”

“गाडी खाली उभी आहे, दीपमाला. मी क्लायंटला शब्द दिलाय.”

तिचे हात कीबोर्डवरच होते. सरांच्या आवाजात जरब नव्हती, विनंतीच होती. विनंती होती म्हणूनच तिला इतकी वर्षं ती मोडता आली नव्हती. तिने संगणकांच्या ओळीकडे पाहिलं, मग उठली आणि पर्स खांद्याला लावली.

“सर, थांबलेली मशीन उद्या सकाळीही थांबलेलीच असतील. पेपर आज आहे. काय करायचं ते मी या कागदावर लिहून ठेवलंय. वरून कुणाला बसवायचं तर बसवा.”

“तुम्ही अशा जाऊ शकत नाही.”

“जाते सर.”

नोकरी गेली, असं बसमध्ये ती धरूनच चालली होती. पहिला प्रश्न तिने तीनदा वाचला तेव्हा कुठे त्यातली अक्षरं दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी काहीही झालं नाही. गाडी रिकामी परत गेली होती. दीपमालाने दुपारपर्यंत ड्रायव्हर बसवला, माल दोन दिवसांनी गेला, बँकेने एक रागाचा ईमेल पाठवला आणि विषय संपला. जगबुडी झाली नव्हती. दिग्विजय सर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, एवढंच. आणि त्यानंतर त्यांनी वरून नम्रता नावाची एक नवी मुलगी खाली पाठवली, शिकून घ्यायला. मागून मागून जे मिळालं नव्हतं ते असं, रुसव्यातून मिळालं. दीपमालाने नम्रताला स्क्रिप्टची ओळन् ओळ समजावून सांगितली, काही म्हणता काही हातचं राखलं नाही. पण पहिल्याच दिवशी तिला बजावलंही, “इथे चांगलं काम कर, पण एकटीलाच येतं असं काही ठेवू नकोस. जे शिकशील ते आणखी कुणाला तरी शिकव.”

बाँड संपला तेव्हा दीपमाला गेली नाही. पदवी अर्धी होती आणि संध्याकाळच्या वर्गाला नोकरीत असल्याचा दाखला दरवर्षी लागे. दुसरीकडे डिप्लोमावर बिल्ड रूमच मिळणार, मग इथली काय वाईट, असंही तिने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिला त्या खोलीची सवय झाली होती. दार उघडं होतं आणि ती आतच बसून होती. ही तिची सगळ्यात वाईट वर्षं, असं ती सांगते, कारण आता दोष द्यायला कुणीच नव्हतं.

पदवी हातात आली ती नेमकी मंदीच्या वर्षी. वरच्या मजल्यावरचीच माणसं कमी होत होती, भरती कुठली. आणखी दीड वर्ष ती खालीच राहिली. श्यामचं या काळात बरं चाललं होतं. शाळा-कॉलेजांच्या संगणकांची देखभाल तो आणि सुखदेव मिळून करत, धायरी फाट्याला त्यांनी लहानसं दुकान घेतलं होतं. दोघांनी तिला भागीदारीत बोलावलं. तिने विचार केला आणि नको म्हणाली. “तुमच्याकडे आले तरी मी इन्स्टॉल झाल्यानंतरचंच काम करीन रे,” ती म्हणाली. श्याम म्हणाला, “खरंय. आणि चार दिवसांत आम्हा दोघांना घरी बसवशील.” यावर तिघेही हसले. असं ते पुष्कळ दिवसांनी हसत होते.

शेवटी एका दुसऱ्या, लहान कंपनीत तिला प्रोग्रॅमर म्हणून घेतलं. तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान मुलं तिथे तिच्या बरोबरीने बसत, आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पहिल्या दिवशी तिचा नवा टीम लीड विक्रम चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आला. सध्या तीन कामं सुरू आहेत, त्याने सांगितलं, तिन्हींत माणसं हवीत.

“तुम्हाला त्यातलं कुठलं करायला आवडेल?”

दीपमालाने तिन्ही कामं वहीत टिपून घेतली. आवडेल, हा शब्द कामाच्या बाबतीत कुणी तिला विचारलाच नव्हता, आणि तिनेही स्वतःला विचारायचं केव्हाच सोडून दिलं होतं. वर जायचं, एवढंच तिला इतकी वर्षं पाठ होतं.

“मला उद्यापर्यंत वेळ द्याल?” ती म्हणाली.

“द्या की सावकाश उत्तर,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला निघून गेला.